पहिली हाफ मॅरेथॉन: आधी हळू पळायला शिका

पावसाचा जोर ओसरू लागला की बेळगाव-निपाणी-कोल्हापूर पट्ट्यात व्हॉट्सॲपवर शर्यतींच्या नोंदणीचे मेसेज फिरू लागतात. ३, ५, १० आणि २१ किलोमीटर असे गट असतात. २१ चा आकडा बघितला की माणसं दोन टोकांना जातात. चाळिशी ओलांडलेले म्हणतात, "आता कुठलं पळतोय बाबा, ते पोरांचं काम." पोरं म्हणतात, "त्यात काय एवढं, भरतीला रोज पळतोय की आम्ही!"

दोघांचाही अंदाज चुकतो. आज जेमतेम पाच किलोमीटर सावकाश पळणारा निरोगी माणूस साडेतीन-चार महिन्यांत २१ किलोमीटर पुरे करू शकतो. उलट १६०० मीटर जोरात मारणारा पोरगा तयारीशिवाय उतरला, तर पंधराव्या किलोमीटरच्या पुढे पोटरी धरून रस्त्याकडेला बसायची पाळी त्याच्यावर येऊ शकते. याचं उत्तर शरीर कोणतं जळण कधी वापरतं, यात आहे. ते एकदा समजलं की सगळा सराव आपोआप उलगडतो.

## २१ म्हणजे नक्की किती?

पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. हे विचित्र अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकच्या मार्गावरून आलं आणि १९२१ मध्ये जगभरासाठी कायम झालं. हाफ म्हणजे त्याच्या निम्मं, २१.०९७५ किलोमीटर. आपल्या हिशेबात सांगायचं तर बेळगाव शहरातून सांबऱ्याला जाऊन परत यायचं, साधारण तेवढं.

पळणाऱ्यांच्या बोलण्यात 'पेस' हा शब्द सारखा येतो. एक किलोमीटरला किती मिनिटं लागली, तो पेस. ७ च्या पेसने हाफ सुमारे २ तास २८ मिनिटांत होते, ८ च्या पेसने २ तास ४९ मिनिटांत, ९ च्या पेसने ३ तास १० मिनिटांत. नोंदणी करण्याआधी त्या शर्यतीचा 'कट-ऑफ', म्हणजे आयोजक किती वेळ रस्ता आणि पाणी चालू ठेवणार, तेवढा बघून घ्या. पहिल्या वेळी भरपूर वेळ देणारी शर्यत निवडावी. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं नाव आपल्याकडे फार घेतात, पण तो यवतेश्वराचा घाट आहे. पहिल्यांदा उतरणाऱ्याला मी सपाट रस्त्याचीच शर्यत सुचवेन.

## भरतीचं पळणं वेगळं, हे वेगळं

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे. इथल्या आणि आसपासच्या खेड्यांतून पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतात. त्यामुळे आपल्या भागात पळणं म्हटलं की तेच चित्र डोळ्यांपुढे येतं: छाती फुटेस्तोवर पळायचं, घड्याळ बघायचं, गुडघ्यांवर हात टेकून उभं राहायचं. १६०० मीटरसाठी ते बरोबरच आहे. ती पाच-सहा मिनिटांची परीक्षा आहे.

अडीच-तीन तासांच्या पळण्याला शरीर दुसऱ्या पद्धतीने चालावं लागतं. आपल्याकडे दोन प्रकारचं जळण असतं. एक साखर: स्नायूंत आणि यकृतात साठवलेली, तिला ग्लायकोजेन म्हणतात. दुसरी चरबी. गुऱ्हाळावर चुलवण पेटलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. वाळलेलं चिपाड आत टाकलं की भडका उडतो, पण ते बघता बघता संपतं. लाकडाचा ओंडका सावकाश पेटतो आणि तासन्‌तास धगधगत राहतो. साखर म्हणजे चिपाड, चरबी म्हणजे ओंडका. पळताना दोन्ही एकाच वेळी जळत असतात. वेग वाढवला की चिपाडाचा वाटा वाढतो, वेग कमी ठेवला की ओंडक्याचा.

आता थोडं गणित. माणसाला पळायला साधारण दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला एक कॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला २१ किलोमीटरसाठी जवळजवळ १,३७० कॅलरी झाल्या. शरीरातलं ग्लायकोजेन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या तर १,६०० ते २,००० कॅलरी. म्हणजे कागदावर पुरतं. प्रत्यक्षात सगळं हाताशी येत नाही. हाताच्या स्नायूंतली साखर पायांना मिळत नाही, कारण स्नायू आपली साखर दुसऱ्या स्नायूला देऊ शकत नाही. रात्रभर काही न खाल्ल्यामुळे यकृतातला साठा सकाळी उतरलेला असतो. त्यात सुरुवातीचे पाच किलोमीटर भरतीच्या जोशात मारले, की पायांतलं चिपाड निम्म्या वाटेतच जळून जातं. चरबीचं मात्र उलट आहे. १० किलो चरबीत सत्तर हजारांहून जास्त कॅलरी असतात, आणि सडपातळ माणसाकडेही ती काही किलो असतेच. ती वापरायची सवय शरीराला लावणं, हाच हाफ मॅरेथॉनच्या सरावाचा गाभा आहे. ती सवय हळू पळूनच लागते.

## हळू म्हणजे किती हळू?

सोबतीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, इतकं. "काल पाऊस किती झाला रे तुमच्याकडं?" एवढं विचारताना मध्येच दम घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे. एकटे असाल तर स्वतःशी दोन ओळी म्हणून बघा. घड्याळ, नाडी मोजणारा पट्टा वगैरे असेल तर ठीक, नसेल तरी काही अडत नाही.

या वेगात पळणं नवख्याला फार अवघड जातं. लाज वाटते. शेजारून चालणारे काका पुढे जातील की काय अशी भीती वाटते. चढ आला की तर बोलता येण्याइतका वेग म्हणजे जवळजवळ चालणंच होतं. मग चाला. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळलेले अमेरिकी धावपटू जेफ गॅलोवे यांनी पुढे नवख्यांसाठी पळणं आणि चालणं ठरवून आलटून-पालटून करण्याची पद्धत लोकप्रिय केली. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, असं सुरुवातीपासून. दमल्यावर चालणं वेगळं आणि दमण्याआधी ठरवून चालणं वेगळं. दुसऱ्यामुळे पाय शेवटपर्यंत ताजे राहतात. अशा पद्धतीने पूर्ण केलेली हाफ ही पूर्ण हाफच असते.

## "हळू पळून वेग कसा वाढणार?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो रास्त आहे.

आठवड्यामागून आठवडे सावकाश पळत राहिलं की शरीरात तीन बदल होतात. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायूंभोवती केसांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. आणि पेशींतल्या मायटोकाँड्रियांची, म्हणजे जिथे ऑक्सिजन वापरून जळणाची ऊर्जा होते त्या भागांची, संख्या आणि ताकद वाढते. म्हणजे चुलवणच मोठं होतं. मग ज्या वेगाला पूर्वी धाप लागायची, त्याच वेगाला आता गप्पा मारता येतात. जोर न वाढवता वेग वाढतो. हे व्हायला आठवडे लागतात, म्हणूनच बरेच जण त्याआधी कंटाळतात आणि पुन्हा जोरात पळू लागतात.

जोरात पळणं अजिबात नको असं नाही. सरावाचे पहिले दोन महिने नीट झाल्यावर आठवड्यातून एकदा वीस मिनिटं जरा नेटाने पळा. दोन-तीन शब्द बोलता येतील इतक्या वेगाने. बाकी सगळं सावकाश.

## फुप्फुसं तयार होतात, हाडं मागे राहतात

नवख्याचा सराव बहुतेक वेळा दुखण्यामुळे मोडतो, आणि हे दुखणं ठरलेल्या वेळी येतं. तीन-चार आठवड्यांत दम वाढलेला जाणवतो, हुरूप येतो, अंतर एकदम वाढवलं जातं. पण स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं इतक्या लवकर बदलत नाहीत. त्यांना काही महिने लागतात. मग नडगी दुखू लागते, टाचेच्या वरची शीर धरते, आणि दुर्लक्ष केलं तर हाडाला बारीक तडा जाण्यापर्यंत गोष्ट जाते. बोट ठेवून दाखवता येईल असं एकाच जागी हाड दुखत असेल, तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. तेल चोळून ते जात नाही.

म्हणून वाढ हळूहळू. आठवड्याचं एकूण अंतर आधीच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून फार वाढवू नये असा एक जुना ठोकताळा आहे. तो काही विज्ञानाचा नियम नाही, पण आवर घालायला उपयोगी आहे.

माझ्या मते नोकरी-शेती-दुकान सांभाळणाऱ्याला आठवड्याचे चार दिवस पुरतात. मंगळवार आणि गुरुवारी चार-सहा किलोमीटर, शनिवारी तीन-चार, आणि रविवारी 'लाँग रन', म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात सावकाश पळणं. ते ६ पासून सुरू करायचं आणि वाढवत १६ ते १८ किलोमीटरपर्यंत न्यायचं. दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचं. उरलेल्या दिवसांतल्या दोन दिवशी पंधरा मिनिटं बैठका, टाचा उचलणं, पोट-कमरेचे व्यायाम. सरावात पूर्ण २१ पळायची गरज नाही. १८ सावकाश जमले की शर्यतीच्या दिवशी पुढचे तीन होतात. शेवटचे दोन आठवडे अंतर उतरवत न्यायचं, याला टेपर म्हणतात. त्या दिवसांत वाटतं की आपण आळशी झालो, कमावलेलं जाईल. काही जात नाही. पायांची झीज त्याच काळात भरून निघते.

डिसेंबरची शर्यत धरली तर सराव ऑगस्टमध्ये सुरू होतो, आणि मध्ये गणपती येतात. बेळगावचा गणेशोत्सव म्हणजे रात्री-रात्री जागणं, मंडळाचं काम, विसर्जनाला पहाट. त्या आठवड्यात पळणं झालं नाही तर नाही झालं. एका आठवड्याने दम फारसा उतरत नाही. घात होतो तो पुढच्या आठवड्यात दुप्पट पळून बुडालेलं भरून काढण्यात. बुडालेलं सोडून द्यायचं आणि जिथे होतो तिथून एक पायरी खाली उतरून पुन्हा सुरू करायचं.

## कुठे पळायचं आणि कुठे नाही

बेळगाव शहरातल्यांचं नशीब चांगलं. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंची, त्यामुळे सकाळची हवा थंड. कॅम्पातले झाडीचे रस्ते, टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो, किल्ला तलावाचा फेरा. आठवड्यातल्या छोट्या पळण्याला एवढं खूप झालं. चढाचा सराव हवा असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड आहे, पण चढ चालत आणि उतार सांभाळून. उतारावर गुडघ्याला आणि मांडीला जास्त मार बसतो.

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळाभर पाऊस थांबायचं नाव घेत नाही. पावसात पळायला हरकत नाही. विजा असतील तर मात्र घरी थांबा. ओल्या मोज्यांनी फोड येतात, ओल्या कपड्यांनी मांड्या आणि काखा सोलपटतात. निघण्याआधी तिथे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा.

चिकोडी, अथणी, रायबाग, निपाणी भागातल्यांना मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. तुमच्या लाँग रनचे महिने आणि उसाचा हंगाम एकाच वेळी येतात. पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. कित्येकांना मागचा दिवा नसतो, ऊस बाजूला बाहेर आलेला असतो आणि मोठ्याने लावलेल्या गाण्यांत चालकाला काही ऐकू येत नाही. डिसेंबरात साडेसहालाही धड उजाडलेलं नसतं. रस्त्याच्या उजव्या कडेने पळा, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. अंगात फिकट किंवा चमकणाऱ्या पट्ट्याचे कपडे घाला, कानात काही घालू नका. शक्य असेल तर उजाडल्यावर पळा, किंवा शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारा. फेऱ्या कंटाळवाण्या असतात, पण सुरक्षित असतात.

## खायचं काय, प्यायचं किती

महागड्या पावडरी लागत नाहीत. ज्वारीची भाकरी, आमटी-भात, शेंगाचटणी, अंडी किंवा डाळी-उसळी, दही हे रोजचं जेवण सरावाला पुरेसं आहे. फक्त वेळ बघायची. शनिवारी रात्री मटण आणि झणझणीत रस्सा खाऊन रविवारी पहाटे १४ किलोमीटरला निघालात, तर पोट ते विसरू देणार नाही. लाँग रनच्या आदल्या रात्री भात-आमटी, कमी तिखट, कमी तेल. सकाळी निघण्याआधी तासभर एखादं केळं किंवा दोन इडल्या.

तासापेक्षा जास्त वेळ पळायचं असेल तर वाटेत थोडी साखर द्यावी लागते, तासाला ३० ते ६० ग्रॅम. यासाठी बाजारात जेलच्या पुड्या मिळतात. मोठ्या केळ्यातही साधारण २५-३० ग्रॅम मिळतात, गुळाच्या दोन लहान खड्यांतही जवळपास तेवढेच. आपल्या मुलखात गुळाला तोटा नाही. जे खायचं ते लाँग रनला खाऊन बघितलेलं असावं. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच काही नवं तोंडात घालू नका.

पाण्याबद्दल दोन्ही बाजूंचा धोका आहे. कमी प्यायलं की त्रास होतो हे सगळ्यांना माहीत आहे. फार प्यायल्यानेही होतो, हे कमी लोकांना माहीत आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम गरजेपेक्षा खाली गेलेलं आढळलं, आणि पळताना जास्त पाणी पिऊन वजन वाढलेल्यांत ते प्रमाण अधिक होतं. म्हणून तहान लागेल तसं, घोट-घोट प्या. घाम फार येत असेल तर ओआरएस चांगलं. साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी आतड्यांत लवकर शोषलं जातं, हेच त्यातलं मर्म. एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच घाला, घट्ट करू नका.

गोव्याची शर्यत निवडणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा: तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. बेळगावात जो पेस सोपा वाटतो, तो तिथे जड जाईल. किलोमीटरला अर्धा मिनिट सोडून द्या.

## "गुडघे झिजतील" आणि "हार्ट अटॅक येतो म्हणे"

घरातली मोठी माणसं हे दोन्ही बोलतात आणि काळजीपोटी बोलतात. त्यांना उत्तर द्यायला हवं.

गुडघ्यांबद्दल २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक पाहणी प्रसिद्ध झाली. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण हौशी धावणाऱ्यांत ३.५ टक्के, बैठं आयुष्य जगणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के आढळलं. यावरून पळण्यानेच गुडघे सुधारतात असं सिद्ध होत नाही, कारण ज्यांचे गुडघे चांगले तेच पळत राहतात असंही असू शकतं. पण हौसेने, बेताने पळणाऱ्याचे गुडघे झिजून जातात, या समजाला त्यात आधार नाही. ज्यांना आधीच गुडघ्याचा विकार आहे किंवा वजन खूप जास्त आहे, त्यांनी दोन-तीन महिने भरभर चालण्यापासून सुरुवात करावी.

हृदयाचं असं. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनमध्ये १ कोटी ९ लाख लोक उतरले, त्यांत ५९ जणांचं हृदय बंद पडलं. म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजारांत एक. हाफमध्ये हे प्रमाण पूर्ण मॅरेथॉनपेक्षा कमी होतं. धोका फार लहान आहे, पण शून्य नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आधीपासून हृदयाचा आजार होता. म्हणून वय चाळीसच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, तंबाखू-सिगारेट असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्या. पळताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, असं काही झालं तर तिथेच थांबा आणि मदत मागा. तापात किंवा ताप उतरल्यावर लगेच पळायला जाऊ नका.

## बायकांनी आधी हिमोग्लोबिन तपासावं

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन, तेच कमी असेल तर कितीही सराव करा, दम वाढत नाही. मग "माझ्यात ताकदच नाही" असं वाटून बायका सोडून देतात. ताकद असते, लोह नसतं. ही साधी रक्ततपासणी आहे. कमी निघालं तर डॉक्टर सांगतील त्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात, आणि तोवर सावकाश पळायला चालेल का, हे त्यांना विचारून घ्या.

बायकांच्या सरावातली मोठी अडचण मात्र वेळेची असते. पहाटे डबे, पाणी भरणं, मुलांची शाळा. रविवारचे दोन तास घरातल्या कुणीतरी त्यांच्यासाठी मोकळे करून दिले पाहिजेत, आणि गटाने पळायची सोय बघितली पाहिजे. बाकी तयारीत पुरुष आणि बाई असा फरक फारसा नाही.

## शर्यतीच्या दिवशी

तेच बूट, तेच मोजे, तीच नाश्त्याची वेळ. बूट नवे घ्यायचे असतील तर महिनाभर आधी घ्या, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा राहील असे घ्या. छातीवर लावायचा क्रमांक, म्हणजे बिब, आदल्या रात्रीच टी-शर्टला पिनांनी लावून ठेवा. बिबच्या मागे तुमचं नाव, रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर लिहा.

सुरुवातीला ढोल वाजत असतात, सगळे सुसाट सुटतात. तुम्ही मागच्या बाजूला उभे राहा. पहिले पाच किलोमीटर सरावाच्या लाँग रनपेक्षाही किंचित हळू. लोक पुढे जातील, जाऊ द्यात. ५ ते १५ ठरलेला पेस. पंधराव्यानंतर पायांत जीव असेल तर थोडा वाढवा, नसेल तर पाण्याच्या प्रत्येक टेबलाजवळ मिनिटभर चाला. शेवटच्या शंभर मीटरला फोटोसाठी जीव तोडून पळू नका. रेषा ओलांडल्यावर एकदम बसू नका, पाच-दहा मिनिटं चालत राहा, कारण थबकलात तर रक्त पायांतच साचून चक्कर येते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतील. ते नेहमीचं आहे. तीन-चार दिवस चालणं पुरे, मग आठवडाभर चार-पाच किलोमीटर अगदी सावकाश, आणि तोवर कुठलंही दुखणं उरलेलं नसेल तरच पुढच्या शर्यतीची नोंदणी करा.